बंदूक खाली ठेवायला आठपट पुरली

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याच्या शिवारात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे दिसले, तर ते न्याहाळायला आज आपण दुर्बीण मागतो. दीडशे वर्षांपूर्वी पक्षी ओळखायचे साधन बंदूक होते. डेव्हिडसन आणि वेंडन या साहेबांनी दख्खनच्या पक्ष्यांच्या नोंदी १८७८ साली पक्षीअभ्यासक ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापल्या. त्या काळी पक्ष्यांच्या याद्या मुख्यतः मारलेल्या पक्ष्यांवरून होत: पक्षी पाडायचा, कातडे काढून भरायचे, चोच आणि पंख मोजायचे, मग नाव ठरवायचे. हा साहेबांचा शिकारीचा षोक, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या बंदुकीमागे दुर्बिणीचे दुबळेपणही होते. बेताच्या ताकदीची, पण उजेड आणि ऐसपैस दृश्य देणारी दुर्बीण हाती आल्यावरच बंदूक खाली ठेवणे परवडू लागले. दुर्बीण निवडणाऱ्याला आजही या इतिहासातूनच सर्वांत उपयोगी सल्ला मिळतो.

१८७८ साली हाती काय होते, ते पाहा. एक नळीची लांब दुर्बीण वीसपट मोठे दाखवी, पण तिला टेकू लागे, एकच डोळा कामी येई आणि दृश्य इतके अरुंद की फांदीवरून फांदीवर उडणारा वटवट्या तिच्यात सापडेपर्यंत निघून जाई. दोन डोळ्यांच्या साध्या दुर्बिणी गॅलिलिओच्या पद्धतीच्या होत्या. त्या जेमतेम तीन ते पाचपट दाखवत आणि ताकद वाढवली की दृश्य आकसे. यावर तोड म्हणजे लोलक. इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ साली लोलकांच्या रचनेचे पेटंट घेतले, पण तशी निर्दोष काच मिळायला चाळीस वर्षे गेली. अर्न्स्ट ॲबे यांच्या आखणीवरून येना येथील झाइस कंपनीने १८९४ साली लोलकाच्या दुर्बिणी बाजारात आणल्या, त्या चौपट, सहापट आणि आठपट. लोलकात प्रकाश वळसे घेत असल्याने नळी आखूड झाली, दुर्बीण गळ्यात मावू लागली आणि आठपट मोठ्या चित्रालाही ऐसपैस दृश्य मिळाले. १९३५ साली त्याच कंपनीच्या स्माकुला यांनी भिंगांवर परावर्तन रोखणारा लेप देण्याची रीत काढली आणि उजेडाची गळती घटली.

यावर कोणी म्हणेल, बंदूक हटवली ती दयेने आणि कायद्याने, भिंगांनी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्याचे मोल मोठेच आहे. पण तो १९७२ चा. सलीम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे सचित्र पुस्तक १९४१ सालीच आले होते, आणि दुर्बिणीतला पक्षी चित्राशी ताडून जिवंतपणीच ओळखण्याची सोय झाली होती. कातड्यांशिवाय उपजातींचा अभ्यास झाला नसता, हा आक्षेपही खरा आहे. खुद्द सलीम अलींनीही नमुने गोळा केले. पण अलिबागजवळ किहीमला त्यांनी सुगरणीचा जो अभ्यास १९३० च्या सुमारास केला, त्यातून नर अनेक खोपे विणायला घेतो आणि मादी पसंत पडलेला खोपा निवडते, हे कळले. मेलेल्या पक्ष्याकडून ते कधीच कळले नसते.

वीसपट नळी हाती असूनही बंदूक सुटली नव्हती, ती आठपटीने सुटली; ‘जास्त पट म्हणजे चांगली दुर्बीण’ ही समजूत म्हणूनच टिकत नाही. दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेले असते: आठपट मोठे दृश्य, पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात. दुर्बीण हातभर लांब धरली की नेत्रिकेत दिसते ती उजेडाची चकती तेवढ्या मिलिमीटरची. भर दुपारी डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडते, तेव्हा खिशातली ८×२५ ही चालते. कृष्णाकाठी तिन्हीसांजेला बाहुली मोठी होते, तेव्हा ती कमी पडते. भिलवडीकडच्या मगरी सुरक्षित अंतरावरून पाहायला, उसाच्या कडेचे पक्षी टिपायला आणि सागरेश्वर अभयारण्याच्या झाडीत फिरायला ८×४२ च बरी. जहाजाच्या हलत्या डेकवर ७×५० शोभते. आकाश पाहणाऱ्याला १०×५० उपयोगी, कारण चाळिशीनंतर बाहुली ७×५० च्या चकतीइतकी, म्हणजे सात मिलिमीटर, उघडेलच असे नाही. सांगलीच्या नाट्यगृहात तीनपट पुष्कळ. मायणीच्या तलावावर पक्षी फार लांब असतात, मग वीसपट का नको, असे कोणी विचारेल. वीसपट दुर्बिणीत हाताचा कंपही वीसपट होतो, त्यामुळे तिथे ट्रायपॉडवरची एकनळी दुर्बीण लागते. आणि उन्हाने थरथरणारी हवा तिलाही आवरत नाही. मोबाईल आणि कॅमेरा पुरावा देतात, पण दोन्ही डोळ्यांनी सलग पाहण्याची सोय देत नाहीत.

तेव्हा दुकानात गेल्यावर आधी काम सांगा, मग पट विचारा. चष्मा असेल तर तो लावूनच पूर्ण दृश्य दिसते का, ते तपासा. आणि एकच दुर्बीण घ्यायची असेल, तर कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यात ८×४२ च घ्या.