जुनें यंत्र आणि पाथर्डीचा रफार

पाथर्डीजवळच्या मढी गांवीं कानिफनाथांच्या यात्रेंत गाढवांचा मोठा बाजार भरतो. तेथें जनावर रखडत चालतांना दिसलें, तर जाणता खरेदीदार आधीं त्याच्या पाठीवरचें ओझें पाहतो आणि मग वयाची चौकशी करतो. संगणकाच्या बाबतींत आपण सुशिक्षित लोक नेमके उलट वागतों. यंत्र मंद झालें कीं तें म्हातारें झालें असें ठरवून मोकळे होतों. त्याच्यावर मधल्या काळांत काय काय लादलें गेलें हें पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं.

2008 च्या उन्हाळ्यांत पाथर्डीस एका आप्तांच्या घरीं आमचें जाणें झालें. गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक. आळींतल्या लोकांचे अर्ज आणि देवस्थानाचा जमाखर्च मराठींत लिहून देणें हा त्यांचा उद्योग. 2002 सालीं घेतलेल्या त्यांच्या संगणकाची मेमरी 128 मेगाबाइट होती. बटण दाबून खालीं जावें, चहा घ्यावा आणि वर येऊन पाहावें, तों पडद्यावर वाळूचें घड्याळ अजून उभेंच! भंगारवाल्याशीं बोलणें झालेलें होतें. इतक्यांत पुण्यास शिकणारा पुतण्या एक तबकडी घेऊन आला. तिच्यांत ‘डॅम स्मॉल लिनक्स’ होतें. नांव वडील माणसांदेखत उच्चारण्यासारखें नव्हे. परंतु खिडक्या, लेखनाचें साधन आणि ब्राउझर यांसह सबंध व्यवस्था 50 मेगाबाइटांत बसविलेली. चहा येण्यापूर्वींच पडदा सज्ज झाला.

हा काटकसरीचा संस्कार लिनक्सवर बालपणींच झालेला आहे. हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनें 1991 च्या आरंभीं 386 जातीचें एक यंत्र हप्त्यांवर घेतलें. त्याची मेमरी अवघी 4 मेगाबाइट. त्या यंत्रावर आपण लिहीत असलेल्या व्यवस्थेची वार्ता त्यानें 25 ऑगस्ट 1991 रोजीं जाहीर केली. पुढें एका वापरणाऱ्यानें कळविलें कीं, आपल्यापाशीं 2 मेगाबाइटच आहेत व तेवढ्यांत काम भागत नाहीं. टोरवाल्ड्सनें नाताळच्या दिवसांत बसून उपाय लिहिला: मेमरींत न मावणारा भाग हार्ड डिस्कवर ठेवावयाचा आणि लागेल तेव्हां परत आणावयाचा. जानेवारी 1992 च्या 0.12 या आवृत्तींत ही सोय आली. कोणा एका अनोळखी माणसाची अडचण ऐकून व्यवस्थेंत एवढा मोठा अवयव निर्माण व्हावा, हें आम्हांस फार बोलकें वाटतें.

जुन्या यंत्राच्या मंदपणाचें मर्मही येथेंच सांपडतें. मेमरी म्हणजे स्वयंपाकघरांतला माठ आणि हार्ड डिस्क म्हणजे दोन कोसांवरची विहीर. पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतील बायकांस हा फरक समजावून द्यावयास नको. मेमरींतून एखादी वस्तु उचलावयास जो वेळ लागतो, त्याच्या सुमारें लाखपट वेळ फिरत्या चकतीवरून ती शोधून आणावयास लागतो. माठ लहान आणि माणसें फार, कीं खेपा सुरू होतात. प्रोसेसर हात जोडून वाट पाहत बसतो. म्हणून जुन्या यंत्राविषयीं पहिला प्रश्न मेमरी किती, हाच असावयास पाहिजे.

लिनक्सच्या पडद्याचें वजन मात्र वाढतच गेलें. प्रथम 1984 सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत जन्मलेली ‘एक्स’ ही खिडक्यांची पद्धति आणि वर एखादा छोटासा प्रोग्राम, एवढ्यावर भागे. 1996 सालीं ‘केडीई’ व 1997 सालीं ‘ग्नोम’ यांची कामें सुरू झालीं, आणि सुखसोयींबरोबर ओझेंही आलें. हलक्या संसाराचे अभिमानीही होतेच: 1996 मध्येंच ऑलिव्हिए फूर्दांनें ‘एक्सएफसीई’ आरंभिलें, तर 2006 सालीं तैवानांतून ‘एलएक्सडीई’ निघालें. कोणाचें किती कमी मेमरींत चालतें, याची या मंडळींत चढाओढ असते. आम्हीही त्या उन्हाळ्यांत त्याच पंथाचे झालों होतों.

पण आमचा आनंद अर्धा तासच टिकला. गृहस्थांनीं एक जुना अर्ज उघडला, तों नुसत्या चौकटी! पुतण्यानें देवनागरी फॉन्ट भरल्यावर अक्षरें दिसूं लागलीं, परंतु गांवाचें नांवच मोडून पडलेलें. ‘पाथ’, मग पाय मोडलेला र एकटाच उभा, आणि पलीकडे ‘डी’. “असा अर्ज तहसीलदारांपुढें ठेवूं?” असें विचारून गृहस्थांनीं चष्मा काढून ठेवला.

‘पाथर्डी’ या शब्दासाठीं संगणक सात चिन्हें सांठवितो: प, काना, थ, र, हलन्त, ड आणि दीर्घ वेलांटी. र हा ड च्या आधीं सांठविलेला. पण लिहितांना त्याचा रफार होऊन तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढावयाचा. ही उठाठेव करावयास स्वतंत्र यंत्रणा लागते, आणि त्या 50 मेगाबाइटांत ती नव्हती. लिनक्स जन्मलें त्याच 1991 सालीं युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें होतें. परंतु चिन्हास क्रमांक मिळणें वेगळें आणि तें पडद्यावर नीट उमटणें वेगळें. मुंबईंतील एनसीएसटी या सरकारी संस्थेनें ‘इंडिक्स’ या प्रकल्पांत ‘एक्स’लाच भारतीय लिप्या शिकविण्याचा यत्न केला, ‘इंडलिनक्स’ची स्वयंसेवक मंडळीही खपत होती. मार्च 2002 मध्यें ‘जीटीके’ या साधनसंचाची दुसरी पिढी ‘पँगो’ घेऊन आली. नांवाचा पूर्वार्ध ग्रीक, अर्थ ‘सर्व’; उत्तरार्ध जपानी, अर्थ ‘भाषा’. 2004 मध्यें ‘लोहित’ फॉन्ट सर्वांस मोकळे झाले. या सर्वांस मेमरी लागते. ज्या ओझ्यास आम्ही हिणवीत होतों, त्यांतला कांहीं भाग आमची लिपिच होती!

‘एक्सएफसीई’नें 2003 सालीं जीटीकेची ही दुसरी पिढी स्वीकारली होती. पुतण्यानें जुन्या बाजारांतून 256 मेगाबाइटांची एक पट्टी आणून बसविली आणि एक्सएफसीई असलेलें लिनक्स भरलें. पडदा उघडावयास आतां चहाचा अर्धा पेला संपे. पण रफार डोक्यावर बसला. भंगारवाला परत गेला.

काळ थांबत नाहीं. टोरवाल्ड्सच्या त्या 386 ला लिनक्सनेंच 2013 सालीं निरोप दिला. 32 बिटांच्या यंत्रांस पूर्ण आधार देणें डेबियननें ऑगस्ट 2025 मध्यें थांबविलें. त्याच वर्षीं 14 ऑक्टोबरला विंडोज 10 ची नेहमींची देखभाल संपली आणि विंडोज 11 न पेलणारीं, पण अन्यथा धडधाकट, यंत्रें अनेक घरीं अडगळींत गेलीं. गृहस्थांच्या दुसऱ्या संगणकावरही तीच वेळ आली. त्यांत फिरत्या चकतीऐवजीं एस. एस. डी. बसविली; विहीर जणूं अंगणांत आली. लिनक्स झटकन् उघडतें, मराठी निर्दोष दिसतें. मात्र ब्राउझरच्या चार-पांच खिडक्या उघडल्या कीं माठ पुन्हां रिकामा होतो. गृहस्थ आतां ब्राउझर मिटून मगच अर्ज लिहावयास बसतात.