पापणीवरील गाठीचा इतिहास

नेत्रवैद्यकाच्या इतिहासात मोतीबिंदूला जो मान मिळाला तो पापणीवरील गाठीच्या वाट्यास आला नाही. वस्तुतः शस्त्र हाती घेण्यापूर्वी वैद्याच्या विवेकाची कसोटी येथेच लागते. सुश्रुतसंहितेतील ७६ नेत्ररोगांपैकी २१ पापणीचे आहेत. जळजळणारी, टोचणारी, तांबूस, मऊ पुटकुळी ती अंजननामिका, आपल्या आयाबायांची रांजणवाडी. कठीण, न पिकणारी, बोराएवढी ती लगण. आणि पापणीच्या आतील अंगास असलेली, ओबडधोबड, रक्तवर्ण, न दुखणारी, लोंबती गाठ ते अर्बुद. पहिल्या दोहोंचे भेदन करावे, अर्बुदाचे मात्र समूळ छेदन करावे, हा त्या ग्रंथाचा दंडक असल्यामुळे निदान चुकले की शस्त्रकर्मही चुकलेच.

गाठ छेदली तरी पापणी पुन्हा घडवावी लागते, कारण तिच्या आच्छादनावाचून बुबुळ कोरडे पडून दृष्टी जाते. टिपूच्या माणसांनी कापलेले कावसजी नामक गाडीवानाचे नाक पुण्यात कपाळाच्या कातडीने घडविल्याचा वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला, तेव्हा युरोपीय शस्त्रवैद्यांचे लक्ष या विद्येकडे वेधले गेले, आणि पुढे पापणीसाठीही शेजारची कातडी वळवून बसविण्याची रीत तिकडे रूढ झाली. १८२७ साली डब्लिनच्या आर्थर जेकबने पापण्या कुरतडत जाणाऱ्या व्रणाचे वर्णन केले. १८८४ साली कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखविला. आणि १९३७ साली ह्यूजने वरच्या पापणीचे आतील अस्तर खाली ओढून खालची पापणी घडविण्याची कृती सांगितली, जिच्यात डोळा काही आठवडे मिटलेलाच ठेवून मग तो सांधा कापून उघडतात.

नांदेड जिल्ह्यातील अर्धापुरासारख्या गावाला ही विद्या फार उशिरा लाभली. निजामाच्या अंमलात मोठ्या शस्त्रक्रियेसाठी या मुलखाची नजर हैदराबादेकडे असे. १९४८ साली संस्थान मुक्त झाल्यानंतर १९५६ साली औरंगाबादेस, १९७४ साली अंबाजोगाईस आणि १९८८ साली खुद्द नांदेडास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा कोठे केळीच्या बागेत राबणाऱ्या शेतकऱ्याला तज्ज्ञाचे दार आपल्याच जिल्ह्यात उघडले.

हे अंतर तुटणे अगत्याचे होते, कारण पापणीतील तैलग्रंथींचा कर्करोग, ज्याचे प्रमाण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांहून अधिक आढळते, तो हुबेहूब निरुपद्रवी गाठीचे सोंग घेतो, आणि शेकण्यात व मलम लावण्यात महिने जातात. म्हणून एकाच जागी पुन्हा उठणारी, पापणीचे केस झडविणारी गाठ नुसती फोडून रुग्णाला वाटेस लावू नये. तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा. छेदनापूर्वी भेद ओळखावा ही सुश्रुताची शिकवण आजही तितकीच बंधनकारक आहे, आणि तिचा लाभ तालुक्याच्या दवाखान्यात बसलेल्या शेवटच्या रुग्णापर्यंत पोहोचविणे हे आपले कर्तव्य आहे.