फिरतं बिऱ्हाड, रानाची राखण

परवा अमेरिकेहून माझ्या भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, आमच्या शेजारचं जोडपं निवृत्त झालं, त्यांनी घर विकलं आणि एका मोठ्या मोटारीत राहायला गेले. ओटा, पलंग, न्हाणीघर, सगळं गाडीतच. हिवाळ्यात एका अभयारण्यात, उन्हाळ्यात दुसऱ्या. आणि तिथे पगार न घेता काम करतात!" मी म्हटलं, "म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" तो हसला. "हो मामा, पण हा विंचू आल्या-गेल्याला नकाशे वाटतो आणि पक्षी मोजतो."

तिकडे ही रीत आता चांगली रुळली आहे. अभयारण्यानं गाडी उभी करायला जागा, वीज आणि पाणी द्यायचं; पाहुण्यानं आठवड्याचे ठरलेले तास काम करायचं. कुंपण दुरुस्त करणं, पायवाटा साफ करणं, शाळेच्या मुलांना पाखरं दाखवणं. अमेरिकेतल्या अशा राष्ट्रीय आश्रयस्थानांची सुरुवात १९०३ साली फ्लोरिडातल्या पेलिकन बेटापासून झाली. बायकांच्या टोप्यांवर खोवायच्या पिसांसाठी तेव्हा पक्ष्यांची सर्रास कत्तल होत असे. पॉल क्रोगेल नावाचा होड्या बांधणारा माणूस आधीपासूनच त्या बेटाची राखण करी. पुढे तोच तिथला पहिला रखवालदार झाला. पगार महिन्याला एक डॉलर! आज तिथे अशी साडेपाचशेहून अधिक आश्रयस्थानं आहेत.

फोन ठेवला आणि माझ्या मनात आलं, हे आपल्याला खरंच इतकं नवीन आहे का? रानात फिरतं बिऱ्हाड आपल्याकडेही होतं. माझ्या घरातच होतं.

मी जन्मापासून सीताबर्डीवर राहतो. आमच्या घरापासून शून्य मैलाचा दगड पायी जाण्याच्या अंतरावर. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि सातपुड्यापासून चांद्यापर्यंतच्या जंगलांचा कारभार इथून चालू लागला. माझे आजोबा त्या जंगलखात्यात कारकून होते. दिवाळी झाली की साहेबाचा दौरा निघे आणि आजोबांची पत्र्याची पेटी बंडीवर चढे. ते घरी परतत थेट होळीच्या सुमारास. तंबूंचे दोन संच असत. साहेब एका तंबूत झोपलेला असताना दुसरा रातोरात पुढच्या मुक्कामी जाई. सकाळी साहेब घोड्यावरून रान बघत तिथे पोचला की तंबू उभा, टेबल मांडलेलं, चहा तयार. बंड्या, वैरण, दूध, कोंबड्या हे सारं गावकऱ्यांनी पुरवायचं. मोबदला सगळ्यांच्या हाती पडेच असं नाही.

तरीही त्या तंबूंतून ज्ञान जमा झालं, हे नाकारता येत नाही. कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८६२ साली पचमढीच्या पठारावर गेला, तिथे त्यानं 'बायसन लॉज' बांधला, आणि पुढे सातपुड्याच्या रानावर 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा ग्रंथ लिहिला. साग, साल, रानगवे, गोंड, कोरकू, सगळं त्यात आहे. तो ग्रंथ छापून आला १८७१ साली, आणि त्याच वर्षी फोर्सिथ वारला. वय जेमतेम तेहेतीस.

आता १८७१ हे साल लक्षात ठेवा. कारण त्याच वर्षी इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तर हिंदुस्थानात, मग १९११च्या नव्या कायद्यानं देशभर. ज्यांचं घर पाठीवर, त्यांच्यावर संशय. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडताना कळवा. जन्माला आलेलं मूलही त्या जमातीचं म्हणून संशयितच!

आजोबा एक गोष्ट हसत हसत सांगायचे. मेळघाटच्या पायथ्याशी साहेबाचा मुक्काम होता. दोन शेतं सोडून फासेपारध्यांची पालं पडली होती. साहेबानं एका पारध्याला बोलावलं आणि तित्तिराचा आवाज काढायला सांगितलं. त्यानं असा हुबेहूब काढला की झुडपातून खरे तित्तिर उत्तर देऊ लागले. साहेब खूश झाला, पुन्हा पुन्हा काढायला लावू लागला. दिवस कलला तसा तो पारधी चुळबुळ करू लागला, आणि एकदम धूम पळत सुटला. का? तर सांजेची पोलीस पाटलाकडची हजेरी चुकली असती!

लहानपणी आम्हीही हसायचो. मोठेपणी हसू येईना. दोन शेतांच्या अंतरावर दोन फिरती बिऱ्हाडं. एकाला सरकारी भत्ता, दुसऱ्याला हजेरी. आणि रान जास्त कोणाला कळत होतं, हे त्या तित्तिरांनीच सांगितलं होतं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. डाग मात्र इतक्या सहजासहजी पुसला गेला नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. मारुती चितमपल्लींसारखा वनाधिकारी आला. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथे त्यांनी नोकरी केली, पण ती नुसती नोकरी नव्हती, मुक्काम होता. त्यांनी आदिवासींना, जुन्या जाणत्या माणसांना गुरू केलं, त्यांचे शब्द टिपले, आणि मराठीला रानाची भाषा दिली. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. जून २०२५मध्ये ते गेले.

त्यांची पुस्तकं वाचून आमच्यासारखे शहरी लोक रानाकडे वळले. वैशाख पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणीत बसून प्राणी मोजायचे, हा आमचा वर्षाचा सण झाला. मीही नागझिऱ्यात बसलो आहे. सोबतीला वनरक्षक, डब्यात दशम्या आणि चटणी, हातात वही. एका रात्री मी मोठ्या अभिमानानं बावीस रानडुकरं लिहिली. पहाटे वनरक्षकानं वही बघितली आणि विचारलं, "गुरुजी, आठ वाजताचा कळप अन् दोन वाजताचा कळप येगळा, कायच्यावरून?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

पुढे सगळ्या देशाला हाच प्रश्न पडला. पावलांच्या ठशांवरून सरिस्कात कागदावर वाघ दिसत होते. २००५ साली कळलं की रानात एकही उरलेला नाही. मग कॅमेरे आले, संख्याशास्त्र आलं. २००६च्या मोजणीत देशात १,४११ वाघांचा अंदाज निघाला, २०२२च्या मोजणीत ३,६८२. आमची मचाणीवरची रात्र आता 'निसर्गानुभव' म्हणून उरली आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. एका रात्रीचा पाहुणा रान मोजू शकत नाही, एवढं तरी ती रात्र मला शिकवून गेली.

रान कळतं ते मुक्कामाला राहणाऱ्याला. वाशीम-अकोल्याकडे कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांची 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांबरोबर काम करते. ज्यांना पिढ्यान् पिढ्या शिकारी आणि गुन्हेगार म्हटलं, तेच तिथे गवताळ कुरणं राखतात आणि दुर्मीळ तणमोराचं रक्षण करतात. तणमोर गवतात कुठे उतरतो हे त्यांना ठाऊक आहे. ते कधीही ठाऊक होतं. आपण विचारलं नव्हतं.

महाराष्ट्र सरकारनंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या आपले निवृत्त लोकही चाकांवरची घरं घेऊन ताडोब्याला, पेंचला जातील. अवश्य जावं. फक्त तिथे पोचल्यावर जवळपास कोणाची पालं आहेत का, हे आधी बघावं आणि चार गोष्टी शिकून घ्याव्यात.

भाच्याला मी परत फोन केला. म्हटलं, "तुझ्या शेजाऱ्यांना सांग, आमच्याकडेही अशी माणसं होती. पण त्यांना जागा, वीज, पाणी तर सोडच, आम्ही हजेरी लावली." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, ती तित्तिराची गोष्ट पुन्हा सांगा ना."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)