क्षयाची लस आणि शेळी : एका उपेक्षेचा इतिहास

शेळीला क्षय होत नाही, ही समजूत फार जुनी असून ती एका देशापुरती मर्यादित नाही. शोषाच्या रोग्याने शेळीचे दूध, तूप व मांस सेवन करावे, इतकेच नव्हे तर शेळ्यांच्या निवाऱ्यात राहावे, असे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील कित्येक डॉक्टरही गाईच्या दुधाऐवजी शेळीचे दूध निर्धोक म्हणून सुचवीत. या समजुतीस अनुभवाचा आधार मुळीच नव्हता असे नाही. अंधाऱ्या गोठ्यात दाटीने बांधलेल्या दुभत्या गाईंच्या मानाने, रानात पाला ओरबाडीत हिंडणाऱ्या शेळ्यांत हा रोग कमी आढळे. परंतु हा गुण शेळीच्या जातीचा नसून तिच्या राहणीचा होता. कळप मोठे झाले व कोंडवाड्यात बंदिस्त झाले, की शेळीही क्षयास बळी पडते.

वस्तुतः ज्या संशोधनातून क्षयाची लस निपजली, त्याच्या आरंभीच शेळी उभी आहे. लील येथील पाश्चर संस्थेत आल्बेर काल्मेत व पशुवैद्य कामीय गेरँ यांनी १९०५ च्या सुमारास शेळ्या व करडे यांवर प्रयोग केले. क्षयाचे जंतू केवळ श्वासावाटे नव्हे, तर आतड्यावाटेही शरीरात शिरून फुप्फुसापर्यंत पोहोचतात, हे त्यांस दाखवावयाचे होते. हा वाद त्या काळी निव्वळ शास्त्रीय नव्हता. १९०१ साली लंडनच्या क्षय-परिषदेत रॉबर्ट कॉख यांनी, गाईच्या क्षयापासून मनुष्यास म्हणण्यासारखे भय नाही, असे प्रतिपादन केले होते. त्यांच्या अधिकारामुळे या मताचे वजन मोठे होते. ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी नेमलेल्या रॉयल कमिशनला कॉख यांचे मत खोडून काढण्यास १९११ साल उजाडले. दरम्यान, दुधाची तपासणी करावी की न करावी, हा प्रश्न अनेक ठिकाणी लोंबकळत राहिला.

जनावरांना क्षयाची लस टोचण्याचा पहिला मोठा प्रयत्न एमिल फॉन बेहरिंग यांचा. मनुष्याच्या क्षयाचे जिवंत जंतू वासरांच्या शिरेत टोचण्याची त्यांची पद्धत काही काळ गाजली. परंतु तिच्यापासून मिळणारे संरक्षण अल्पकाळ टिके, आणि टोचलेले जंतू जनावराच्या शरीरात राहून दुधातही उतरू शकत. अशी लस फार दिवस टिकणे शक्य नव्हते.

काल्मेत व गेरँ यांचा मार्ग निराळा होता. क्षयी गाईच्या दुधातून नोकार यांनी वेगळे केलेले जंतू त्यांनी १९०८ पासून बटाट्याच्या फोडीवर, ग्लिसरीन व बैलाचे पित्त घालून वाढविण्यास आरंभ केला. जंतूंच्या गुठळ्या होऊ नयेत, एवढ्याचसाठी पित्त घातले होते; पण त्या माध्यमात जंतू हळूहळू सौम्य होत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. दर तीन आठवड्यांनी नवे संवर्धन, असा क्रम तेरा वर्षे चालला. महायुद्धात लील जर्मनांच्या ताब्यात असतानाही तो खंडित झाला नाही. सुमारे २३० संवर्धनांनंतर जे जंतू उरले, तेच बी.सी.जी. गाईचे जंतू, पशुवैद्याचा हात व वासरांवरील चाचणी, या सर्वांवरून ही लस जनावरांसाठीच घडत होती असे म्हणावयास हरकत नाही. तथापि १९२१ साली पॅरिसमध्ये ती प्रथम दिली गेली एका नवजात अर्भकास, आणि तिचे पुढील भवितव्य मनुष्यजातीशी जोडले गेले. भारतातही १९४८ मध्ये मदनपल्ली येथे तिच्या कार्याचा प्रारंभ झाला.

मग जनावरे मागे का पडली? लस निष्फळ ठरली म्हणून, असे उत्तर सर्रास दिले जाते. ते अपुरे आहे. गाईंवरील चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नव्हते हे खरे. संसर्ग पूर्णपणे टळत नसे, परंतु रोगाच्या गाठी कमी होत असत, असेही अनेकदा दिसून आले. निर्णायक कारण वेगळे होते, आणि ते प्रयोगशाळेतले नसून कचेरीतले होते. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांनी ट्युबरक्युलिन टोचून रोगी जनावर ओळखण्याची व ते वेगळे ठेवण्याची रीत रूढ केली. अमेरिकेने १९१७ पासून ओळखलेले जनावर सरळ मारण्याचे धोरण स्वीकारले. ब्रिटनमध्येही तपासणी व कत्तल याच मार्गाने १९६० साली सर्व गोधन तपासणीखाली आले. लस टोचलेले निरोगी जनावरही ट्युबरक्युलिनला रोग्याप्रमाणेच प्रतिसाद देते. त्यामुळे लस दिली की तपासणी बिघडे, आणि तपासणी बिघडली की सारी योजनाच कोसळे. लसीचा दोष एवढाच, की ती शासनयंत्रणेच्या मोजपट्टीत बसत नव्हती. ज्या राष्ट्रांना मारलेल्या जनावराची भरपाई देणे परवडत होते, त्यांनी हा निर्णय घेतला. तो इतरांसही लागू पडतो असे मात्र गृहीत धरले गेले. जेथे गाय मारणे अशक्य, आणि चार शेळ्या हेच ज्याचे सर्व धन अशा घरातून शेळी नेणे त्याहून अवघड, त्या भारतासारख्या देशात या धोरणाचा उपयोग काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. २०१९ च्या पशुगणनेत या देशात १४ कोटी ८८ लाखांवर शेळ्या होत्या.

शेळीचे पुनरागमन स्पेनमधून झाले. तेथील शेळ्यांत आढळणारा क्षयजंतू वेगळा असल्याचे १९९९ मध्ये दाखविण्यात आले, आणि २००३ मध्ये ‘मायकोबॅक्टेरियम कॅप्री’ या नावाने त्यास स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. शेळीच्या फुप्फुसात मनुष्याप्रमाणेच पोकळ्या पडतात, म्हणून ती या रोगाच्या अभ्यासास विशेष योग्य ठरली. तेथे बी.सी.जी. टोचलेल्या शेळ्यांत फुप्फुसातील विकृती लस न टोचलेल्या शेळ्यांपेक्षा कमी आढळली. संसर्ग मात्र सर्वस्वी टळला नाही.

जुन्या अडचणीची उकल मात्र त्याच्या आधीच झाली होती. १९९६ मध्ये बी.सी.जी.च्या जनुकसंचातून एक तुकडा गळाला असल्याचे निश्चित झाले. रोगकारक जंतूंत असलेली काही प्रथिने त्यामुळे लसीत नसतात. म्हणून केवळ त्या प्रथिनांनी चाचणी घेतली, तर लस टोचलेली शेळी प्रतिसाद देत नाही, रोगी शेळी देते. ज्या उणिवेने ते जंतू निरुपद्रवी झाले, ती लीलच्या बटाट्यावरील त्या तेरा वर्षांतच निर्माण झाली होती.