संविधानातील निसर्गचित्रे आणि अक्राणी

१/ धडगावहून उत्तरेकडे सातपुड्याचे डोंगर उतरत गेले की नर्मदा लागते. महाराष्ट्राच्या वाट्याला ही नदी जेमतेमच, तीही राज्याची सीमा म्हणून. राष्ट्राच्या चित्रात या खोऱ्याला जागा मिळाली का, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ ‘राष्ट्राचे चित्र’ हे शब्द येथे अक्षरशः घ्यावेत. संविधानाच्या हस्तलिखित प्रतीवर २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी सह्या केल्या. अक्षर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचे. चित्रे नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनातील शिष्य-सहकाऱ्यांची. भाग २२, आणि प्रत्येक भागाच्या आरंभी चित्र. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील वृषभापासून निघालेली ही मालिका अशोक, अकबर, शिवाजी महाराज, दांडीयात्रेतील गांधी असे टप्पे घेत सुभाषबाबूंपाशी येते.

३/ तेथे इतिहासपुरुष संपतात आणि भूमीच नायक होते. भाग २० : हिमालय. भाग २१ : वाळवंट. भाग २२ : सागर.

४/ ही निवड नीट पाहावी. तिन्ही दृश्ये देशाच्या कडांची आहेत. नुकत्याच फाळणी झालेल्या राष्ट्राला आपल्या सीमा डोळ्यांसमोर हव्याशा वाटाव्यात, यात नवल नाही, असे मला वाटते. मात्र विंध्य-सातपुड्याचा जंगलपट्टा, म्हणजे देशाचा मध्य, या तीन दृश्यांत नाही.

५/ नर्मदा चित्रकारांना अपरिचित होती असे नव्हे. कंपनीचा नोकर जेम्स फोर्ब्स याने अठराव्या शतकातच भडोचजवळचा, नदीच्या बेटावरील कबीरवड रेखाटला होता. त्याचे ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ १८१३ साली निघाले. पण तो नदीचा सपाट, जाण्यायेण्यास सोपा भाग.

६/ अक्राणीला जागा मिळाली ती चित्रात नव्हे, यादीत. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली १९५० साली निघालेल्या अनुसूचित क्षेत्रांच्या आदेशात, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील ‘अक्राणी महाल’ हे नाव आहे. एकाच वर्षी, एकाच संविधानाच्या छायेत, हिमालय देखावा झाला आणि अक्राणी प्रशासकीय नोंद. (नोंदीचे मोल कमी नाही. आदिवासींच्या जमिनीचे संरक्षण तिच्यावरच उभे आहे.)

७/ पुढे सरदार सरोवर झाले. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बुडिताच्या छायेत आली. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. नदीकाठची ती शेते आणि घरे ज्यात दिसतील असे निसर्गचित्र राष्ट्राच्या कोणत्याही सजवलेल्या पानावर नव्हते.

८/ या प्रदेशाला स्वतःचे भूमिचित्र मात्र आहे. नर्मदेपल्याड अलीराजपूर-छोटा उदेपूर भागात राठवा आणि भिलाला घरांच्या भिंतीवर नवसाचा पिठोरा लिहितात. काढत नाहीत, ‘लिहितात’. म्हणूनच चित्रकार तो लखारा. चौकटीत घोडे, सूर्य, चंद्र, नांगरणारा शेतकरी, विहीर, झाडे, जनावरे. चित्र पूर्ण झाल्यावर अंगात आलेला बडवा भिंतीसमोर उभा राहून एकेक आकृती ओळखतो. एखादी राहून गेली असेल तर तो ती सांगतो, आणि लखारा ती तिथल्या तिथे भरतो.