नैराश्याच्या लक्षणांतील स्त्री-पुरुष फरक

नैराश्य हा मनोविकार स्त्री व पुरुष दोघांनाही होतो. परंतु त्याची बाहेर दिसणारी लक्षणे, रुग्ण ती ज्या शब्दांत सांगतो ते शब्द आणि तो ज्या डॉक्टरकडे जातो ते दार, यांत बराच फरक आढळतो. जगभरच्या पाहण्यांत नैराश्याचे निदान पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे दुपटीने होते. आत्महत्येचे चित्र मात्र उलटे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी सुमारे ७२ टक्के पुरुषांच्या होत्या. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात झाली. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्य असतेच असे नाही. तरीही या दोन आकड्यांतील विसंगतीमुळे पुरुषांचे नैराश्य निदानातून निसटते की काय, हा प्रश्न अभ्यासकांपुढे उभा राहिला.

निदानाचे निकष

डीएसएम-५ या २०१३ च्या अमेरिकी वर्गीकरणात नऊ लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी किमान पाच सलग दोन आठवडे असावी लागतात आणि त्यांत उदास मनःस्थिती किंवा कशातही रस न वाटणे यांपैकी एक असणे आवश्यक असते. हे निकष दोघांसाठी सारखेच आहेत. चिडचिड हे लहान मुले व किशोरवयीनांत उदासीच्या जागी धरले जाते, प्रौढांत नाही. पुरुषांच्या बाबतीतला वाद बराचसा याच मुद्द्याभोवती फिरतो.

स्त्रियांमधील लक्षणे

रडू येणे, अपराधी वाटणे, थकवा, तसेच काही जणींत भूक व झोप वाढणे ही लक्षणे स्त्रियांमध्ये तुलनेने अधिक नोंदली जातात. नैराश्याच्या जोडीला चिंताविकारही अधिक आढळतो. हा फरक जन्मापासून नसतो. बालपणी मुलामुलींतील प्रमाण जवळपास सारखे असते. साधारण बाराव्या वर्षापासून ते वेगळे होऊ लागते. पाळीपूर्वीचा तीव्र मनःस्थिती-विकार, बाळंतपणानंतरचे नैराश्य आणि रजोनिवृत्तीच्या आसपासचा काळ यांत संप्रेरकांचा वाटा असतो, पण केवळ संप्रेरकांनी उलगडा होत नाही.

याचा उत्तम पुरावा गोव्यातून मिळतो. म्हापशाच्या रुग्णालयात नाव नोंदवलेल्या गर्भवती स्त्रियांचा विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला पाठपुरावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे हे घटक त्याच्याशी निगडित होते. मुलगी होण्यात वैद्यकीय धोका कोणताच नाही. धोका घरातल्या अपेक्षेत आहे.

गोव्यातीलच पुढील संशोधनात अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक व सामाजिक घटकांशी अधिक दिसून आला. ‘मी उदास आहे’ असे म्हणण्याऐवजी कंबर दुखते, डोके जड होते, हातापायांना मुंग्या येतात, जिवात जीव नाही, अशा तक्रारी घेऊन बाई येते. मग टॉनिक किंवा प्रतिजैविक दिले जाते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

पुरुषांमधील लक्षणे

पुरुषांत संताप, चिडखोरपणा, बेदरकार वागणे, कामात स्वतःला बुडवून घेणे आणि मद्यपान यांच्याआड नैराश्य दडलेले असू शकते. स्वीडनमधील गॉटलंड बेटावर १९८० च्या दशकात सामान्य डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यानंतर तेथील आत्महत्या घटल्या, परंतु ही घट मुख्यतः स्त्रियांमधील होती. पुरुष डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नव्हते. या अनुभवातून वोल्फगांग रुट्झ यांनी पुरुषांच्या नैराश्यासाठी स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. २०१३ मध्ये अमेरिकेतील एका विश्लेषणात रूढ लक्षणांसोबत संताप, व्यसन व धोका पत्करणे हीही मोजली गेली, तेव्हा पुरुष ३०.६ टक्के व स्त्रिया ३३.३ टक्के असे प्रमाण आले, म्हणजे दरी जवळपास बुजली. मात्र राग व दारू ही इतर अनेक कारणांनीही दिसतात. त्यांना सरसकट नैराश्य म्हटले तर निदानाला अर्थ उरत नाही, हा यावरील आक्षेप रास्त आहे. शिवाय मद्यपानामुळेही नैराश्य येते. आधी काय होते हे रुग्णाचा इतिहास घेतल्याशिवाय ठरत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचे तत्कालीन प्रमाण २.७ टक्के व आयुष्यभरातील प्रमाण ५.२ टक्के आढळले. त्यासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हे आकडे राज्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

ठाणे शहरात १९०१ पासूनचे शासकीय मनोरुग्णालय आहे. मानपाड्यासारख्या घोडबंदर मार्गावरील वस्त्या त्यानंतर बऱ्याच उशिरा वाढल्या. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यातच ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली. मनोरुग्णालयाची पायरी चढण्यास कचरणाऱ्यांसाठी अशा समुपदेशन केंद्रांचा उपयोग होतो. पुण्यातील मुक्तांगण हे १९८६ मध्ये स्थापन झालेले व्यसनमुक्ती केंद्र आहे. दारूसाठी उपचार घेणाऱ्या पुरुषाचे नैराश्य प्रथम लक्षात येण्याची जागा बहुधा असे केंद्रच असते.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ (२०१६) या सुवर्णकमळ विजेत्या मराठी चित्रपटात हा विषय एका प्रौढ स्त्रीच्या व एका तरुणाच्या रूपाने समोर येतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.