जमालगोट्याचं तेल आणि सॉसेजचं विष

जमालगोटा म्हटलं की आपल्याला जालीम जुलाब आठवतो. आयुर्वेदातला जयपाल तो हाच. शोधन केल्याशिवाय वैद्य तो वापरत नाहीत. याच बियांच्या तेलाचे तीन थेंब विसाव्या शतकात अमेरिकेत सुरकुत्यांवरच्या सर्वांत प्रखर औषधात पडत होते आणि गुणाचं श्रेय मात्र दुसऱ्याच द्रव्याला मिळत होतं. चेहऱ्यावर केमिकल पील करायचं आणि जोडीला बोटॉक्सची इंजेक्शनं द्यायची, ही आजची पद्धत दोन घराण्यांच्या सोयरिकीतून आली आहे. त्यातलं एक घराणं या तेलाचं.

आम्लानं कातडी सोलून काढण्याचं शास्त्र हॅम्बर्गच्या पॉल गेर्सन उन्ना यांनी 1882 मध्ये मांडलं. सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल, ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल ही त्यांचीच यादी आजही चालते. पुढे ही विद्या डॉक्टरांकडे जेवढी वाढली, त्याहून अधिक दवाखान्याबाहेर वाढली. हॉलिवूड आणि मायामीत वैद्यकीय पदवी नसलेल्या स्त्रिया फिनॉलचे लेप लावून चेहरे उजळून देत आणि आपली कृती कुणाला सांगत नसत. त्यांच्या हातून काही चेहरे बिघडलेही असतील. तरी खोल पीलची खरी प्रयोगशाळा त्यांचीच होती, असं मला वाटतं. ग्रंथांत त्यांना मिळालेली जागा त्या मानानं फार थोडी आहे.

1961 मध्ये मायामीचे प्लास्टिक सर्जन थॉमस बेकर यांनी आपली कृती छापली. पुढे बेकर-गॉर्डन या नावानं रूढ झालेली कृती अशी: 88 टक्के फिनॉल 3 मिलिलिटर, पाणी 2 मिलिलिटर, द्रव साबणाचे 8 थेंब आणि जमालगोट्याच्या तेलाचे 3 थेंब. पाठ्यपुस्तकं शिकवत राहिली की काम फिनॉल करतं, आणि ते जितकं पातळ तितकं खोल जातं. तेल नुसतं चिथावणीपुरतं. 2000 साली ग्रेगरी हेटर यांनी लेखमाला लिहून हा समज मोडला. खोली ठरवतं ते मुख्यतः तेलाचं प्रमाण, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे एक थेंब कमी-जास्त झाला तर परिणामच बदलत होता, आणि थेंब तर ड्रॉपरगणिक लहान-मोठा! त्यानंतरच टक्क्यांचा हिशोब करून सौम्य पील बनवणं शक्य झालं. फिनॉलचा धोका मात्र राहिलाच. ते कातडीतून रक्तात जातं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून खोल पील मॉनिटर लावून, चेहऱ्याचा एकेक भाग घेत सावकाश करावं लागतं.

दुसरं घराणं खाण्यातून झालेल्या विषबाधेचं. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गमध्ये खराब सॉसेज खाऊन माणसं लुळी पडून मरत होती. युस्टिनस केर्नर या कवी-वैद्यानं त्या विषाचा अभ्यास केला, ते स्वतः चाखूनही पाहिलं, आणि 1822 च्या ग्रंथात लिहिलं की अगदी अल्प मात्रेत हेच विष अतिउत्तेजित नसांवर औषध ठरू शकेल. 1895 मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावी अंत्यविधीला आलेल्या वादकांनी हॅम खाल्लं, तिघे दगावले, आणि त्यातून एमिल व्हान एर्मेन्जेम यांना हे विष बनवणारा जंतू सापडला. केर्नरचं भाकीत खरं ठरायला मात्र दीडशेहून अधिक वर्षं गेली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर हे विष टोचून 1980 मध्ये निष्कर्ष छापले. व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आकडीवर तेच इंजेक्शन देत असताना एका रुग्ण स्त्रीनं सांगितलं, कपाळावरही द्या, तिथं टोचलं की आठ्या जातात. जीन आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अ‍ॅलस्टर यांचा निबंध 1992 मध्ये आला. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सला मान्यता मिळाली 2002 मध्ये.

सोयरीक जमली ती सुरकुत्या दोन जातींच्या असतात हे नीट उमगल्यावर. उन्हानं आणि वयानं कातडीत पडणाऱ्या रेषा पीलनं जातात. हसण्या-रागावण्यानं, म्हणजे स्नायूंच्या ओढीनं पडणाऱ्या रेषा पीलनंतर हळूहळू परत येतात, कारण नवं कोलॅजन तयार होत असतानाच खालचा स्नायू ते त्याच जागी दुमडत राहतो. सॉसेजचं ते विष, म्हणजे बोटॉक्समधलं बोट्युलिनम, मज्जातंतूच्या टोकाकडून अ‍ॅसिटिलकोलिन सुटू देत नाही, म्हणून स्नायू तीन-चार महिने स्वस्थ राहतो आणि कातडीला सपाट भरून यायला अवधी मिळतो. 1999 मध्ये वेस्ट आणि अल्स्टर यांनी कार्बन डायऑक्साइड लेझरनं त्वचेचा वरचा थर काढल्यावर हेच दाखवलं: इंजेक्शन दिलेल्या जागी गुण जास्त टिकला. 2006 मध्ये मरीना लांडाऊ यांनी पील, बोट्युलिनम आणि फिलर यांच्या एकत्र वापरावर निबंध लिहिला. खोल पील असेल तर इंजेक्शन सहसा आधी देतात, म्हणजे जखम भरायच्या काळात स्नायू शांत असतो आणि सुजेमुळे औषध भलतीकडे पसरण्याची भीतीही राहत नाही.

आपल्याकडे हे जसंच्या तसं उचलता येत नाही. सावळ्या-गव्हाळ त्वचेवर खोल फिनॉल पीलनं कायमचे पांढुरके पट्टे राहू शकतात, मध्यम पीलनंतरही काळे डाग उमटतात. म्हणून इथले जाणते त्वचारोगतज्ज्ञ ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक अशा सौम्य आम्लांवर भर देतात. ही आम्लं व्हान स्कॉट आणि यू यांनी 1974 मध्ये मुळात खवल्यांसारख्या त्वचेच्या आजारासाठी पुढे आणली होती. सौम्य पील काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा करायचं, इंजेक्शन त्याच्या आगेमागे द्यायचं, आणि मध्ये ऊन कटाक्षानं टाळायचं. अशा पीलनं रंग आणि पोत सुधारतो. खोल आठीचं काम जवळजवळ सगळं इंजेक्शनवरच पडतं, आणि हे रुग्णाला आधीच सांगावं लागतं.